नासरेथचा सुतार काशीला शिकला होता काय?

नाताळ जवळ आला की बेळगावातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. कधी मराठीतच लिहिलेला, कधी कन्नडवरून उतरवलेला, वर पद्मासनातल्या येशूचे चित्र. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: बायबलमध्ये येशूच्या बाराव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतची माहितीच नाही. ती पाने इ.स. 325 मध्ये चर्चने नायसीयाच्या परिषदेत काढून टाकली. त्या काळात येशू भारतात होता, पुरीला आणि काशीला ब्राह्मणांकडे, मग बौद्धांकडे शिकला, आणि याची पोथी लडाखच्या हेमिस मठात आहे. प्रेम आणि क्षमा ही शिकवण त्याने इथूनच नेली. शेवटी तो परत आला आणि त्याची समाधी श्रीनगरात आहे. खाली नेहमीचे: सत्य दडपले गेले, पुढे पाठवा.

पाठवणारे दोन प्रकारचे असतात. एकाला अभिमान वाटतो की बघा, शेवटी आपल्याकडेच यावे लागले. दुसऱ्याला चर्चची जिरवायची असते. लूकचे शुभवर्तमान मात्र दोघांनीही उघडलेले नसते. बायबलमध्ये येशूची चार चरित्रे आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची, त्यांतले हे एक. मी माळकरी घरातला. कॅम्पातल्या एका घरी आम्ही काही जण संध्याकाळी जमून लूक वाचतो. कुणाकडे मराठी प्रत, कुणाकडे कन्नड, खानापूरकडचे एक कोंकणी बोलणारे काका दोन्ही समोर ठेवून बसतात. त्या वाचनातून जे दिसले त्यावर हे लिहितो आहे. एकेक मुद्दा घेऊ.

"बारा ते तीस ही वर्षे गायब आहेत"

ही वर्षे गायब म्हणायची तर बाकीची हजर हवीत. मार्कमध्ये बालपण मुळातच नाही. गोष्ट बाप्तिस्म्यापासून सुरू होते. योहानातही बालपण नाही. मत्तयात जन्म, मिसरला पळणे, नासरेथला परतणे, आणि पुढच्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान उभा. बारा वर्षांच्या मुलाचा प्रसंग चौघांपैकी एकट्या लूकने दिला आहे. त्याने तो दिला नसता तर 'बारा ते तीस' हा आकडाच जन्माला आला नसता.

तो प्रसंग दुसऱ्या अध्यायात आहे. वल्हांडण या यहुदी सणाला दरवर्षीप्रमाणे घरची मंडळी यरुशलेमला गेली. परतताना एक दिवसाची वाट चालून झाल्यावर लक्षात आले की पोरगा सोबत नाही. नातेवाइकांत, ओळखीपाळखीत शोधले, मग उलट फिरले. तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला, ऐकत आणि प्रश्न विचारत. आई रागावली, त्याने उत्तर दिले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या लगेच पुढचे वाक्य कुणी वाचत नाही: तो त्यांच्याबरोबर खाली नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. फाडलेली पाने जिथे असायला हवीत त्याच जागी लूक मुलाचा पत्ता सांगतो.

चौथ्या अध्यायात तो मोठा होऊन नासरेथला येतो. लूक लिहितो की हे त्याचे लहानाचे मोठे झाल्याचे गाव, आणि आपल्या परिपाठाप्रमाणे तो शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. यशयाची गुंडाळी हातात दिली, त्याने वाचली, आणि लोक आपसात म्हणाले, हा योसेफाचा मुलगा ना? मार्कच्या सहाव्या अध्यायात गावकरी आणखी मोकळे आहेत: हा तो सुतार ना, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा, शिमोन यांचा भाऊ? बहिणी इथेच आहेत ना? याला हे ज्ञान आले कुठून?

हे वाचून झाल्यावर खानापूरचे काका हातातली प्रत मिटत म्हणाले, "आमच्या गावचा पोरगा दोन वर्षं दुबईला राहून आला तर मरेपर्यंत त्याला दुबईवाला म्हणत्यात. अठरा वर्षं हिंदुस्थानात राहून आलेल्याला हे लोक सुताराचा पोरगा म्हणून सोडतील व्हय?" यापेक्षा नेमके उत्तर मला सुचलेले नाही. गावकऱ्यांचा अख्खा राग याचाच आहे की ज्याला रोज रंधा मारताना पाहिले तो आज आपल्याला शिकवतो. योहानाच्या सातव्या अध्यायात यरुशलेमचे लोकही हेच विचारतात, शिकलेला नसताना याला विद्या कशी? परदेशी गुरूची कुजबुज जरी कुठे असती तरी विरोधकांनी ती हत्यारासारखी वापरली असती. भूत लागले आहे, खादाड आहे, दारुडा आहे, जकातदारांचा मित्र आहे, इतके सगळे म्हटले. परदेशात शिकून आला, हे शुभवर्तमानांतल्या कुणाही विरोधकाने म्हटले नाही.

आणि लूक आपण कसे लिहिले तेही लपवत नाही. पहिल्याच चार ओळींत तो थियफिल नावाच्या माणसाला सांगतो की हे आधी अनेकांनी लिहायला घेतले, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी आम्हाला सांगितले, मी सगळे मुळापासून तपासून क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा अशाच गोळा केल्या, ज्याने पाहिले त्याला गाठून, विचारून. पाहणाऱ्यांनी जे पाहिले ते तिथे भरभरून येते, जिथे पाहणारे सोबत नव्हते तिथे त्रोटक. म्हणून चक्रधरांची कुणी पाने चोरली असे आपण म्हणत नाही.

"ती पाने नायसीयात काढली"

नायसीयाची परिषद 325 मध्येच झाली, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली, इतके खरे. तिथे वाद होता तो एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा, पुत्र हा पित्याच्या तोडीचा आहे की निर्माण केलेला आहे, याचा. शिवाय ईस्टरची तारीख. परिषदेचे वीस नियम आजही वाचायला मिळतात. धर्मग्रंथ कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे, याचा नियम त्यांत नाही. चार शुभवर्तमाने त्याच्या कितीतरी आधी ठरून गेली होती. लियोंचा बिशप आयरेनियस 180 च्या सुमारास चारच, कमी नाहीत नि जास्त नाहीत, असे आग्रहाने मांडतो. त्याच्याही थोडे आधी टेशियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चौघांची सांगड घालून एकच कथा केली होती. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात तिसऱ्या शतकातली एक पपायरस पोथी आहे, फाटकी, पण चारही शुभवर्तमानांचे भाग तिच्यात आहेत. ती नायसीयाच्या आधीची आहे, म्हणून जो कुणी कापाकापीचा आरोप करतो त्याने आधी ही बघावी.

गंमत म्हणजे लूकची पाने कापणारा एक माणूस खरोखर होऊन गेला. त्याचे नाव मार्सियन. दुसऱ्या शतकात रोममध्ये तो लूकची जी प्रत वापरत असे तिच्यात जन्माचे आणि बालपणाचे अध्यायच नव्हते. ती तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षापासून सुरू होई. चर्चने त्याचे कौतुक केले काय? 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढले, आणि पुढे तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याच्याविरुद्ध पाच पुस्तके लिहिली. पाने कमी करणे हाही त्यांच्या लेखी अपराधच होता.

आणि ज्यांना बालपणाची भूक होती त्यांनी ती भागवलीही. दुसऱ्या शतकातली थोमाच्या नावावरची एक बालकथा आहे, तिच्यात छोटा येशू चिखलाच्या चिमण्या करतो आणि टाळी वाजवून उडवतो. चर्चने ती मान्य केली नाही, तरी ती नष्टही झाली नाही, आजही वाचता येते. तिच्यातही भारत नाही.

"हेमिसमध्ये पोथी आहे"

ही गोष्ट निकोलास नोतोविच या रशियन पत्रकाराची. त्याने 1894 मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये पुस्तक काढले. म्हणणे असे की 1887 मध्ये लडाखला गेलो, पाय मोडला, हेमिसच्या मठात पडून होतो, तेव्हा लामाने 'इस्सा'च्या चरित्राची पोथी वाचून दाखवली. त्याच वर्षी प्राच्यविद्या पंडित मॅक्स म्युलरने लेख लिहून शंका घेतली: तिबेटी ग्रंथांच्या मोठ्या याद्यांत असे काही नाही. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. त्यांनी नोतोविचचे पुस्तक दुभाष्याकडून मुख्य लामाला समजावून दिले. लामाने सांगितले की पाय मोडलेला कुणी युरोपियन आपल्या कारकिर्दीत इथे राहिला नाही, अशी पोथी मठात नाही, आणि इस्सा हे नावही आपण ऐकलेले नाही. डग्लसांनी हे 1896 मध्ये छापले. पुढे 1922 मध्ये रामकृष्ण परमहंसांचे शिष्य स्वामी अभेदानंद तिथे गेले आणि पोथी पाहिल्याचे त्यांच्या नावावर आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मूळ पोथीचे एक पानही आजवर अभ्यासकांपुढे आलेले नाही.

खुद्द नोतोविचची कथा मात्र अभिमानाने पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा वाचावी. तिच्यातला इस्सा सहा वर्षे पुरी, राजगृह, काशी इथे राहतो, वैश्य आणि शूद्रांना शिकवायला लागतो, वेद ईश्वरी आहेत हे नाकारतो, आणि ब्राह्मण त्याला मारायला टपतात म्हणून रातोरात पळून जातो. ज्यांच्या पायाशी बसून शिकला म्हणून मिरवायचे, त्यांच्याच हातून जीव वाचवत पळाल्याची ही गोष्ट आहे. बरे, ज्या जगन्नाथपुरीत तो राहतो तिथले भव्य मंदिर बाराव्या शतकातले आहे.

येशूचा शिष्य थोमा याचे एक जुने आख्यान मला या बाबतीत फार बोलके वाटते. तिसऱ्या शतकातले आहे, इतिहास म्हणून त्यावर विसंबायचे कारण नाही. शिष्य आपसात देश वाटून घेतात आणि थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान येतो. तो सरळ नकार देतो: मी हिब्रू माणूस, हिंदी लोकांत जाऊन काय शिकवणार? येशू त्याला समजावतो, तरी ऐकत नाही. शेवटी हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला त्याला विकूनच टाकतो. ज्या लेखकाला भारताचे इतके वेड, त्याच्या येशूने "अरे, मी राहून आलोय तिथे" एवढे एक वाक्य बोलायला काय हरकत होती?

"प्रेम आणि क्षमा इथूनच गेली"

लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री विचारतो, सार्वकालिक जीवन कशाने मिळेल? येशू त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय आहे? शास्त्री धडाधडा म्हणतो: देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. येशू म्हणतो, बरोबर. म्हणजे ही आज्ञा त्या शास्त्र्याला आधीच तोंडपाठ होती. एक वाक्य जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले, दुसरे तिथल्याच 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातले. येशूची स्वतःची भर पुढे येते, शेजारी कोण या प्रश्नावर: यरीहोच्या उतारावर लुटलेला माणूस, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, आणि थांबणारा शोमरोनी, ज्याच्याशी यहुद्यांचे पाणीही चालत नसे. खानावळवाल्याच्या हातावर तो दोन दीनार ठेवतो. ही गोष्ट त्या रस्त्यावरची आहे, त्या वैरातली आहे, ती काशीच्या घाटावर सांगून काय उपयोग झाला असता?

त्याच्या बोलण्यातला मुलूखही बघा. द्राक्षमळा, अंजीर, जाळी, मेंढरे, खमीर. बाराव्या अध्यायात तो लोकांना म्हणतो, पश्चिमेला ढग चढला की तुम्ही म्हणता सर येणार, आणि येते. दक्षिणेचा वारा सुटला की म्हणता उन्हाचा कडाका पडणार, आणि पडतो. पहिले वाक्य वाचल्यावर आमच्यातले सगळे हसले, कारण जांबोटीच्या बाजूने ढग चढले की आम्हीही तेच म्हणतो. दुसऱ्यापाशी गाडी अडली. दक्षिणेच्या वाऱ्याने कडाका पडायला दक्षिणेला वाळवंट लागते, धारवाड चालत नाही. अठरा वर्षे आपल्याकडे काढलेल्या माणसाच्या तोंडून एकदाही भात नाही, वड नाही, हत्ती नाही, चार महिन्यांचा पाऊस नाही.

शिवाय कर्म आणि पुनर्जन्म, ज्यांच्यावाचून पुरीत की राजगृहात पान हलले नसते, ते त्याच्या शिकवणीत कुठे? तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा विषय निघतो. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असे विचारून तोच म्हणतो, नाही.

पद्मासनातल्या त्या चित्राबद्दल एवढेच, की येशूला आपल्या वेषात, आपल्या वाणीत आणायला मला हरकत दिसत नाही. फादर स्टीफन्सने गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, 1616 मध्ये ते छापले गेले. आपल्याच जिल्ह्यात देशनूरला कॅथलिक संन्याशांनी भगवी वस्त्रे घालून मठ चालवला. त्यांनी येशू आमच्या गावचा होता असा दावा केला नाही, आमच्या पद्धतीने त्याला वंदन केले. फरक आहे.

"श्रीनगरात समाधी आहे"

खानयारमधल्या रोझाबलला तिथले मुसलमान यूझ आसफ नावाच्या संताचे स्थान मानतात. सोबत सय्यद नसीरुद्दीन यांचीही कबर आहे. ती येशूची, हे मत मांडले ते अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी, 1899 मध्ये. त्यांचे म्हणणे येशू क्रूसावर मेला नाही, वाचला, आणि नंतर काश्मिरात आला. नोतोविचचा इस्सा मात्र तरुणपणी येतो, परत जातो आणि तिकडेच मारला जातो. फिरणाऱ्या मजकुरात दोन्ही एकाखाली एक चिकटवलेले आहेत. नोतोविच खरा मानला तर श्रीनगरची कबर रिकामी, आणि कबर खरी मानली तर हेमिसची पोथी खोटी. पाठवणाऱ्यांनी आधी आपसात काय ते ठरवावे.