ताम्हिणीतलं धुकं आणि तिसरा मेनू

पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर गाडी घ्यायचा विषय निघाला की पूर्वी पहिला प्रश्न ‘देते किती?’ असा असायचा. आता ‘स्क्रीन किती इंची?’ मग दोन तट पडतात आणि ‘बटणं परत आणा’वाले हमखास मला मध्ये ओढतात. तू जर्मनीत आहेस, तिकडे बटणं परत येताहेत ना?

येताहेत. पण इथली मंडळी उपजत शहाणी म्हणून नव्हे. टेस्लाचा एक चालक भर पावसात स्क्रीनवर वायपरचा वेग बदलत होता, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. २०२० मध्ये कार्ल्सरुहच्या वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. २०२२ मध्ये ‘व्ही बिलागारे’ या स्वीडिश मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या तपासल्या. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोत चार कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेली नवी, स्क्रीनवाली गाडी तेवढ्याच कामांत १,३७२ मीटर गेली. पुढे युरो एनसीएपीने, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएससाठी (संकटातल्या कॉलसाठी) हाताला लागणारी बटणं नसतील तर ताऱ्यांसाठीच्या गुणांवर पाणी सोडा, असं सांगितलं. तेव्हा कुठे कंपन्यांना बटणं आठवली.

मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. बटणाला साचा लागतो, त्यामुळे ते कुठे बसवायचं हे खूप आधी ठरवावंच लागतं. स्क्रीनला असा मुहूर्त नसतो. मीटिंगमध्ये वाद झाला की कोणीतरी ‘नंतर अपडेटमध्ये घेऊ’ म्हणतं आणि काचेवरचं धुकं घालवायचं चिन्ह तिसऱ्या मेनूत जाऊन बसतं.

आपल्याकडे हे जास्तच भोवतं. चालक उजवीकडे बसतो, म्हणजे स्क्रीनवर चालतो तो डावा हात, आणि बहुतेकांचा तो कच्चा. त्यात खड्डा आला की बोट भलत्याच चौकोनावर पडतं. मनगट टेकवायला स्क्रीनखाली दोन बोटं कडा ठेवली असती, तरी बरंच भागलं असतं. शिवाय गाडी घेतो एक आणि चालवतो दुसराच. पसंती विचारली जाते मालकाला, ती पण शोरूममध्ये, गाडी उभी असताना. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या ड्रायव्हरदादांना इंग्रजी मेनू कळतो का, हे कोण विचारतं?

म्हणून इंच विरुद्ध बटण हा वाद मला पटत नाही. आपली तशीच तारे देणारी भारत एनसीएपी २०२३ पासून सुरू आहे, गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे. जुलैतला ताम्हिणी घाट घ्या, पगारी ड्रायव्हर बसवा, काच धुरकटू द्या. ती साफ करायला किती सेकंद रस्त्यावरून नजर हटली, तो आकडा माहितीपत्रकात छापा. स्क्रीनचे इंच छापताच की तिथे.