‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा

लेक नववीत आहे. परवा तिचा मराठीचा अभ्यास घेत होतो. म्हणजे अभ्यास ती करत होती, मी शेजारी चहा पीत बसलो होतो. अलंकार ओळखायचे होते. पाच ओळी तिने दोन मिनिटांत उडवल्या. म्हटलं, एवढ्या झटपट कसं गं? तर म्हणे, “सोप्पंय बाबा. जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. जसा, सारखा, सम दिसलं की उपमा. ओळ वाचावी लागतच नाही.”

ओळ वाचावी लागतच नाही! आणि पोरीला मार्क पूर्ण.

मग मी तिच्यापुढे बहिणाबाई ठेवल्या. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर.’ ती अडली. “यात जसा कुठाय?” नाहीच. मन ढोरासारखं नाही, मन ढोरच. रूपक. पण नाव सांगून मी थांबलो नाही. विचारलं, ढोरच का? पाखरू का नाही? आम्ही मूळचे सटाण्याकडचे, पण लेकीने पिकात शिरलेलं ढोर कधी पाहिलेलं नाही. सांगितलं, हाकललं की बांधापर्यंत जातं, तुझी पाठ वळली की परत आत. आणि मारून तरी किती मारणार, ढोर आपलंच, पीकही आपलंच. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मोबाइलचं असंच होतं ना माझं.” मी चहाचा कप घेऊन आत गेलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अलंकार कोणता, हा दुय्यम प्रश्न. कवीला हाच का सुचला, हा खरा.

आपल्या नाशकात तर हे शिकवायला बाहेर कुठे जायला नको. कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. २७ फेब्रुवारीला शाळाशाळांत म्हणतात. गंगामाई पाहुणी आली, ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं म्हणणं. माहेरवाशिणीसारखी चार भिंतींत नाचली, ही उपमा. झाले दोन मार्क. पण बाहेरच्याला ‘गंगामाई’ हा कवितेतला शब्द वाटेल, आपण तर रोजच “गंगेवर जाऊन येतो” म्हणतो. गोदावरी भूगोलाच्या पुस्तकात. आणि ज्याचं घर वाहून गेलं तो माणूस तिला राक्षसीण म्हणत नाही, माहेरवाशीण म्हणतो. का? कारण माहेरवाशीण रिकाम्या हाताने जात नाही. आपणच तिची ओटी भरून पाठवतो. इथे तिने भिंत खचवली, चूल विझवली, होतं नव्हतं ते सगळं नेलं, आणि हा गडी ते पाहुणचाराच्या भाषेत सांगतोय! पुढे तो सरांकडून पैसे घेणार नाही, हे त्या एका उपमेतच कळायला हवं. हे गाइडमध्ये नसतं.

आता गाण्यांचं. पालकसभेत मी म्हणालो की सिनेमाची गाणी घेऊन अलंकार शिकवा, पोरांना पाठ असतात. दोन-तीन पालक हसले. एक बाई म्हणाल्या, त्यासाठी शाळेत पाठवतो का? शिक्षिका बिचाऱ्या म्हणाल्या, पोर्शन कधी संपवू? त्यांचं खोटं नाही, वर्गात साठ पोरं.

पण २०१६च्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ घ्या. हळदीत अजून वाजतं. त्यात प्रेमाला ‘बाधा’ म्हटलंय, आणि अंगात वारं भरलंय असंही. दोन्ही शब्द एकाच घरातले. भूतबाधा होते, अंगात वारं येतं. म्हणजे ते प्रेम नाही, झपाटणं आहे, आणि म्हणूनच नाचणं तसं. लेकीला हे सांगितल्यावर तिने स्वतःच्या आवडीची चार गाणी तपासली आणि दोन नापास केली. “यात नुसतं यमक आहे बाबा, बाकी काहीच नाही.” अगदी बरोबर. गाणी वर्गात न्यायची ती पोरांना खूश करायला नाही, अशी पारखायला.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १४ एप्रिलला त्यांची भीमगीतं गल्लोगल्ली वाजतात, पोरं त्यावर नाचतात. पण त्या गीतांतली उपमा, रूपकं किती जणांना शोधायला सांगितली गेली? मलातरी शाळेत कुणी सांगितली नव्हती.

वृत्तांचं तर विचारूच नका. भुजंगप्रयात म्हणजे य गण चार वेळा, बारा अक्षरं, हे मी घोकलं होतं. आजी मात्र तिन्हीसांजेला ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणत मांडीवर ठेका धरायची. ल-गा-गा, ल-गा-गा. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू, आणि ल-गा-गा म्हणजेच तो य गण. ज्या रामदासांनी आपल्या टाकळीत तप केलं, त्यांचं वृत्त आजीच्या हातात होतं, आणि मला ते फळ्यावरच्या खुणांत दिसलं. ज्या शहराचा ढोल राज्यभर वाजतो तिथल्या पोरांना लघु-गुरू कागदावर शिकवावे लागतात, कमाल आहे.

तर या पावसाळ्यात पुण्याचा भाचा आला होता. पूर पाहायला गंगेवर गेलो. शेजारचे काका ओरडले, “दुतोंड्याच्या कमरेला लागलं पाणी!” भाच्याने हळूच विचारलं, “मामा, ही चेतनगुणोक्ती का?” लेक म्हणाली, “नाही रे, तो बघ तिकडे. पाण्यात उभा खराच दुतोंड्या मारुती आहे, दगडाचा.”