शंभर व्होल्टचं गाऱ्हाणं

“सर, तुमच्या कोकणात स्टेशनंच नसतील, तर आमचा पीस काय करणार?” असं म्हणून, ज्याच्याकडून मी रेडिओचा जुना सेट घेतला तो मुंबईचा विक्रेता फोनवर चक्क हसला. मी वेंगुर्ल्यात राहतो. मला मुंबईपेक्षा पणजी कितीतरी जवळ, आणि पणजीचं १०५.४ हे एफएम स्टेशन इथे खिशातल्या रेडिओवरही लागतं. हे त्याला सुनवायला मी तोंड उघडलं, तोवर त्याने फोन ठेवला होता.

पीस म्हणजे १९७० च्या दशकातला जपानी एफएम ट्यूनर. समोर जाड अ‍ॅल्युमिनियम, काचेमागे हिरवट उजेड आणि दोन मीटर. एक सिग्नल किती येतोय ते दाखवतो, दुसऱ्याचा काटा मधोमध आला की स्टेशन नेमकं पकडलं. ज्याला हे बघून काही होत नाही त्याने पुढे वाचू नये.

आता जपानची गंमत अशी की तिकडे तेव्हा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झमध्ये होतं. त्यावरची ९० ते १०८ ही जागा त्यांनी टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनेलांना दिली होती, ती २०११ नंतर अ‍ॅनालॉग टीव्ही बंद झाल्यावर मोकळी झाली. आपलं एफएम ८८ ते १०८. म्हणजे दोघांची सामाईक जागा ८८ ते ९०, आणि आपल्या देशातले बरेच कम्युनिटी रेडिओ ९०.४ वर! काटा संपला की पॉइंट चारवर गाणी सुरू. मग आपल्याच पट्ट्याचा, म्हणजे बँडचा, अमेरिकी सेट का घेतला नाही? स्टेशन बारीक, उंच स्वर वाढवून पाठवतं आणि सेट ते परत खाली आणतो, त्याला डी-एम्फसिस म्हणतात; तिकडचा ७५ मायक्रोसेकंदांचा, आपला ५० चा. अमेरिकी ट्यूनरवर आपली स्टेशनं दबलेली वाटतात, झांजा तर गोधडीत गुंडाळल्यागत. जपानचा ५० चाच. हे सगळं वाचून, विचारून, पैसे देण्याआधी मी त्या गृहस्थाला लेखी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे: “बँड इंडियाचा करून दिलाय सर. फुल्ल वर्किंग.”

आला तो ७६ ते ९० चाच. फुल्ल वर्किंग म्हणजे दिवा लागत होता.

तेव्हा बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा माणूस मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप करतो, पण हात सोन्याचा. त्याने झाकण काढलं, वास घेतला, पॉवर सप्लायचे सुकलेले कपॅसिटर बदलायला काढले आणि म्हणाला, “ऑसिलेटरची कॉइल वायच फाकवूक व्हयी.” बरोबर होतं. सेट कुठली फ्रिक्वेन्सी पकडणार ते ऑसिलेटर ठरवतो, आणि त्याच्या कॉइलच्या तारेचे वेढे एकमेकांपासून थोडे दूर केले की इंडक्टन्स कमी होतो आणि फ्रिक्वेन्सी वर चढते. सगळं सुरळीत चाललं होतं.

तिथे बाकावर एक आजोबा बसले होते. मिक्सरचं भांडं मांडीवर, डोक्याला टोपी, आणि जायची कसलीही घाई नाही.

“ह्यां काय रे? व्हीसीआर?”

“नाय आजोबा. ट्यूनर.”

“म्हणजे?”

“रेडिओ.”

“मगे रेडियो म्हण. आवाज खयसून येता?”

“ह्याच्यातून नाय येत. अ‍ॅम्प्लिफायर वेगळो लागता. स्पीकर वेगळे.”

आजोबांनी भांडं खाली ठेवलं. “म्हणजे रेडियो आसा, पण बोलणा नाय.”

“व्हय.”

“आणि ह्येचे तिया पैशे दिलंस?”

दुरुस्तीवाला खाली मान घालून हसत होता. मी विषय बदलावा म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दाखवला आणि सांगितलं की जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०, म्हणून हा मध्ये लावावा लागतो. आजोबा गंभीर झाले. “आमच्या वाडीत सांजचे साताक शंभरच येता. थय लाव. ट्रान्सफॉर्मराचे पैशे वाचतीत.”

मग त्यांनी लायसन्स विचारलं. रेडिओचं. पोस्टात पैसे भरून पुस्तिकेवर तिकीट चिकटवायचं ते. मी म्हटलं, ते १९८० च्या दशकात रद्द झालं. “कोण म्हणता? माझा आसा,” आजोबा म्हणाले. “ट्रंकेत आसा. रेडियो गेलो, लायसन आसा.” तुझ्याकडे रेडिओ आहे पण लायसन्स नाही, माझ्याकडे लायसन्स आहे पण रेडिओ नाही, तेव्हा दोघांत मिळून एक कायदेशीर श्रोता होतो, असा हिशेब त्यांनी मांडला. दुकानात तोवर आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. एकजण म्हणाला, मोबाईलवर लागता की सगळा.

हे वाक्य मला लागतं. मोबाईलवर लागतं खरं, नेटवर्क असेल तर. आमच्याकडे ते अंगणातल्या तुळशीपाशी येतं आणि पावसात तिथूनही जातं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावर वीजही गेली, टॉवरही गेले. मोबाईल कपाळाला लावून बसले होते सगळे. हे मी जरा तावातावाने सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं, ट्यूनरच्या वायरीकडे बघितलं आणि विचारलं, “लायट नसताना तुझो ह्यो चलता?”

ह्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी त्यांना जपानचा ९० आणि आपला १०८ समजावायला घेतला. टीव्हीचे चॅनेल, मोकळी जागा, सगळं. कोकणातल्या माणसाला जमिनीच्या, गडग्याच्या (म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाच्या) भाषेत सगळं कळतं. “म्हणजे त्येंचो गडगो नव्वदार,” आजोबा म्हणाले, “आणि तुका फुडची जागा व्हयी. मगे गडगो सरकवा ना रात्रीचो!” त्यांच्या भावाशी अशाच गडग्यावरून दावा चालू आहे, तो मग आम्ही सगळ्यांनी मूळ फेरफारापासून ऐकला.

एवढ्यात घात झाला. कॉइल हलवायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. धातू जवळ आला की ट्यूनिंगच सरकतं. त्यामुळे दुरुस्तीवाल्याने दुकानातल्या गणपतीपुढची विझलेली उदबत्ती उचलली, तिची बांबूची काडी तासली आणि ती ट्यूनरच्या पोटात घातली. आजोबांनी हे पाहिलं. टोपी सारखी केली, उठले, दोन्ही हात जोडले आणि आमच्याकडे देवाला घालतात ते गाऱ्हाणं खणखणीत सुरू केलं:

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दुकानातले दोघेही क्षणात तयार. बाहेरच्या रिक्षावाल्यानेसुद्धा ओ दिली.

“आज ह्या तुझ्या लेकरान जो काय मुको रेडियो हाडल्यान हा...”

“व्हय म्हाराजा!”

“तेका जी काय वाचा नाय, जो काय जपानचो गडगो आडवो इलो हा, तो दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्या कोणी मुंबैवाल्यान तेका फसवल्यान, तेचो मिक्सर बिघडू दे रे म्हाराजा!”

इथे मीही ओरडलो. कबूल करतो, मनापासून ओरडलो.

“आणि आवाज इलो तर एक नारळ...” आजोबांनी माझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, “...आणि एक कोंबडो!”

“व्हय म्हाराजा!” हा शेवटचा होकार मी दिलेला नाही. बाकीच्यांनी परस्पर दिला.

काय वेळ होती बघा. दिवस मावळत आलेला. ह्या दिवसांत संध्याकाळी समुद्रावर गार दमट हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसतो, आणि एफएमच्या लहरी एरवी क्षितिजापाशी संपायच्या त्या ह्या थराखालून वाकून लांबवर जातात. दुरुस्तीवाल्याने काडीने शेवटचा एक वेढा हलवला, मी काटा फिरवला, सिग्नलचा मीटर खाडकन उजवीकडे गेला, मधला काटा मधोमध आला आणि स्टिरिओचा तांबडा दिवा लागला. तो दिवा उगाच लागत नाही. त्याला १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन, म्हणजे स्टेशनाने पाठवलेली स्टिरिओची खूण, स्वच्छ मिळावी लागते. पणजीचं १०५.४, डायलवर ८७ च्या जागी, दोन्ही स्पीकरांतून, खरखर नाही.

हे सगळं मी समजावून सांगितलं. हवेचा थर सांगितला, पायलट टोन सांगितला. कोणी ऐकेना. आजोबा बाकावर परत बसून पाण्याचा ग्लास मागत होते आणि लोक त्यांच्या पाया पडत होते. दुरुस्तीसाठी आलेल्या एका बाईंनी तर आपला टेबल-फॅन पुढे केला.

आणि तांबड्या दिव्यातून स्टिरिओमध्ये पहिलं काय आलं? जाहिरात. घरी आणल्यावरही तेच. खासगी स्टेशन लागलं तर दिवसभर तीच वीस गाणी फिरतात आणि मध्ये निवेदक स्वतःच हसतो. स्वतःच्या बातम्या द्यायची त्यांना परवानगी नाही, मग उरतं ते हे. इतक्या निगुतीने, काट्याच्या टोकावर पकडून मी दागिन्यांच्या सवलती ऐकतोय. शिवाय स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी बल्ब लावला की कमजोर स्टेशनांत गुरगुर येते, आणि तो बंद करायला सांगितला की घरचे म्हणतात, अंधारात भाकरी भाजू काय. दीड मीटरची डायपोल अँटेना मी माडाला बांधली आहे. त्यावर कावळा बसतो.

बाजारात आता मला “कोंबडो कधी?” असं विचारतात. ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही, ते विचारतात. विक्रेत्याला त्याच्याच बँडवाल्या उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

दुरुस्तीचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. कपॅसिटर, कॉइल, मजुरी, आणि खाली चौथी ओळ: नारळ. मी नारळ वजा करून बाकीचे पैसे पाठवले आणि तसं लिहिलंही. दोन मिनिटांत उलट मेसेज: “नारळाचा ऱ्हवांदे. पण चायचे धरूक नाय हत. आजोबांनी दोन घेतले.”