आजीने कुठे प्लँक मारले होते?

काका, नमस्कार.

माझ्या पाठीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तेवढा नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोअर-बिअर, म्हणजे पोट-कमरेचे स्नायू कमावणं, हे जिमवाल्यांनी काढलेलं खूळ आहे, तुमच्या आजीने जन्मात प्लँक (कोपरांवर नि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरायचा व्यायाम) मारला नाही तरी तिची पाठ शेवटपर्यंत सरळ होती, आणि ‘दिवसभर ताठ बसा’ हा माझा सल्ला पाळून तुमची पाठ उलट जास्तच भरून आली.

शेवटच्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. १९९९ साली विल्के नावाच्या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. नुसतं उभं असताना ०.५ मेगापास्कल. पाठ ओढून ताठ बसल्यावर ०.५५, सैल बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत चक्क पसरून टेकल्यावर ०.२७! माणूस एकच होता, तेव्हा ते काही वेदवाक्य नव्हे. पण ताठ बसायचं तर पाठीचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात, आणि दिवसभर आवळलेला स्नायू भरून येणारच. टेकून बसा, मांडी घाला, जमेल तसं बसा. फक्त एकाच ढबीत दोन-दोन तास बसू नका. मूळ लेखातलं ते वाक्य आज खोडलं आहे.

आता आजी. ती प्लँक मारत नव्हती हे खरं, पण पहाटे जात्यावर बसत होती ना? खुंटा धरून कमरेपासून वरचं अख्खं धड पुढे-मागे, पायलीभर दळण होईस्तोवर. मग कमरेवर भरलेली घागर. घागर एका बाजूला असली की विरुद्ध कुशीच्या स्नायूंना धड तोलून धरावं लागतं. जिममध्ये एका हातात वजन घेऊन असंच चालायला लावतात, त्याला ‘सूटकेस कॅरी’ म्हणतात आणि वर पैसे घेतात.

माझी आजी मात्र हे सगळं करूनही सत्तरीत कमरेतून वाकली होती. हाडं ठिसूळ झाली की मणके पुढच्या बाजूने चेपतात, तिथे नुसते स्नायू पुरे पडत नाहीत. तुमची एक आजी, माझी एक आजी. बरोबरी झाली म्हणा.

कोअर म्हणजे पोटावरच्या वड्या नव्हेत. कमरेच्या पुढच्या हाडांच्या किंचित आत बोटं दाबा आणि खोका. बोटांखाली जे घट्ट होतं, ते पोटाच्या खोलातले स्नायू. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना बिलगलेले छोटे स्नायू, असा तो डबा आहे. त्याचं खरं काम बसताना नाही, ओझं उचलताना पडतं.

हे मला सिलिंडरने शिकवलं. गॅस १४.२ किलो, टाकीसकट तिसाच्या आसपास. दारातून आत घेताना वाकून, हात लांब करून उचलला आणि चार दिवस आडवा झालो. विल्केच्याच मोजणीत २० किलोचं ओझं छातीशी धरलं तर दाब १.१ होता, हात लांब करून धरलं तर १.८, आणि पाठ वाकवून उचलताना २.३. खुर्चीतले आकडे याच्यापुढे किरकोळ आहेत. मी ढबीचं सगळं कीर्तन खुर्चीवर केलं आणि उचलण्यावर दोन ओळी लिहिल्या, ही लेखातली खरी खोट. ती तुम्ही दाखवली नाहीत, पण तुमच्यामुळे सापडली.

प्लँकचा हट्टही सोडतो. पाठीसाठी अमुकच व्यायाम बाकी सगळ्यांपेक्षा सरस, असं काही चाचण्यांमधून निघालेलं नाही. मला स्वतःला कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांचा एक प्रकार मानवला: सतरंजीवर रांगत्या बाळासारखं यायचं, डावा हात पुढे नि उजवा पाय मागे ताणायचा, कंबर हलू द्यायची नाही, आठ-दहा सेकंदांनी बाजू बदलायची. श्वास मात्र कोंडायचा नाही.

पण तुम्ही हे आत्ता करू नका. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की महिन्याभरापासून डावा पाय मधूनच बधिर होतो. त्यावर उत्तर द्यायला मी डॉक्टर नाही. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पायातला जोर गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सोबत मुलाला न्या, एकटे जाऊ नका.