मायेची ऊब राहू द्या, मजुरीचं बोला

परवा आजीची गोधडी उसवायला घेतली. निफाडचा पारा घसरल्याची पहिली बातमी आली की ती माळ्यावरून खाली येते, तशी यंदाही आली. पण एक कड पार विरलेली. चार टाके घालावेत म्हणून सुई लावली, तर सुईबरोबर कापडच फाटत आलं. मग म्हटलं, वरचा पदर, म्हणजे थरच, काढून टाकू.

तो पदर फुलाफुलांच्या पॉलिएस्टर साडीचा. आईनं घातलेला, मी कॉलेजात असतानाचा. त्याखाली आजीचं हिरवं सुती लुगडं निघालं, मधोमध दंड घातलेलं. ज्यांना दंड माहीत नाही त्यांच्यासाठी : लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. तेवढा पट्टा कापून काढायचा आणि राहिलेले दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायचं. तो जोड म्हणजे दंड. आणि लुगड्याच्याही खाली, अगदी पोटात, काहीतरी भरड, मळकट पांढरं. हात लावला तर गोणपाटाचा धाकटा भाऊ.

सिन्नरला आत्याला फोन लावला. पंच्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण कापड विचारलं की सगळं आठवतं.

"ते कंट्रोलचं आसंल. तुझ्या आजीला मिळालेलं."

म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं. गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले, १९४३ साली सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. 'कंट्रोल' हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी तेव्हापासून जो बसला तो रेशनच्या दुकानाचं नाव होऊनच राहिला.

मी आपलं भाबडेपणानं विचारलं, हिरवं लुगडं बहात्तरच्या दुष्काळातलं का? तेव्हा खूप गोधड्या शिवल्या असतील ना?

आत्या हसली. "बहात्तरला कुठली गोधडी शिवतीस पोरी? गोधडीला जुनेर लागतं. आमचं जुनेर आमच्या अंगावर होतं."

हे मला आजवर सुचलं नव्हतं. आपण समजतो की गरिबी आली की बायका गोधड्या शिवायला बसतात. पण गोधडी ही कापडाच्या प्रवासातली बरीच पुढची पायरी. आधी लुगडं, मग दंडाचं लुगडं, मग बाळाची दुपटी, मग गोधडी आणि शेवटी चुलीपाशी पोतेरं. दुष्काळात ही सगळी गाडी दुसऱ्याच पायरीवर अडकते. शिवाय वेळ कुणाला? गोधडी शिवायची चैत्र-वैशाखात, रानातली कामं आटोपल्यावर. त्या वर्षी आजी आणि आत्या दोघी दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. येताना सुकडी, म्हणजे कामावर वाटलं जाणारं पौष्टिक पीठ, आणि घरी लाल मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या भाकरी. दोराही विकतच आणावा लागतो, तोही नव्हता. ते हिरवं लुगडं गोधडीवर चढलं ते पुढं दोन-तीन पावसाळे बरे गेल्यावर.

मिलो अमेरिकेतून यायची. तिथल्या शेतकरणींनी १९३० च्या मंदीत काय केलं, तर पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य ज्या सुती पोत्यांतून येई तीच उसवून कपडे आणि गोधड्या शिवल्या. कंपन्यांच्या हे लक्षात आलं. बाई पोत्यावरची नक्षी बघून पीठ निवडते म्हटल्यावर त्यांनी पोत्यांवर फुलं छापायला सुरुवात केली, आणि कंपनीचं नाव धुतल्यावर जाईल अशा शाईत. व्यापारी तो व्यापारीच, पण यात निदान बाईच्या आवडीला किंमत होती.

त्याच मंदीतली दुसरी गोष्ट मात्र मला जास्त लागते. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सिअर्स कंपनीनं गोधड्यांची स्पर्धा ठेवली. २४ हजारांहून जास्त गोधड्या आल्या. हजार डॉलरचं पहिलं बक्षीस केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळालं. पुढं कळलं की ती गोधडी त्यांनी शिवलेलीच नव्हती. शिवली होती मजुरीवर काम करणाऱ्या बायकांनी, आणि बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही. गोधडी गेली थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीकडे, एलिनॉर रूझवेल्ट यांच्याकडे.

आता नाशिकला या. मागच्या महिन्यात इथल्याच एका प्रदर्शनात गोधडी बघितली. कागदी लेबल, त्यावर 'मायेची ऊब', किंमत साडेचार हजार. शिवणाऱ्या बाईचं नाव विचारलं तर स्टॉलवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "आमच्या ग्रामीण महिला आहेत." घ्या!

हे 'मायेची ऊब' प्रकरण मला आता नको झालंय. माया होती, कोण नाही म्हणतं. पण आमच्या गोधडीवर मी एका वितीत सव्वीस टाके मोजले. ओळी साधारण साठ, लांबी आठ विती. साडेबारा हजारांच्या घरात टाके, आणि हे फक्त हिरव्या पदराचे. खालचे वेगळे. आजीच्या उजव्या तर्जनीला कायमचा घट्टा होता. घरातल्या कुठल्या वहीत तिच्या या कामाची नोंद नाही. बियाण्याची आहे, बैलाच्या औषधाचीसुद्धा आहे. तिच्या कामाला माया म्हटलं की हिशेब मिटतो, हे घरच्यांना सोयीचंच होतं. आणि आता दुकानदारालाही आहे.

(मीही काही धुतल्या तांदळाची नाही. दोन वर्षांपूर्वी गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींनी आठशे सांगितले, तर मी "सहाशे घ्या की" म्हटलं होतं. त्यांनी सातशे घेतले आणि आठ दिवस घेतले. भागाकार तुम्हीच करा, मी केलाय.)

गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बुधवारच्या बाजाराला गेले होते, पांढरा जाड दोरा आणायला. गाडगे महाराज पूल दिसला. बाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, चिंध्यांची गोधडी पांघरून फिरत म्हणून. त्यांची गोधडी कुणी शिवली असेल, असा एक फालतू प्रश्न डोक्यात आला आणि दिवसभर गेला नाही.

त्याच मावशींना परत बोलावलंय. त्यांनी उसवलेली गोधडी उलटसुलट केली, कंट्रोलच्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आतलं काढू नका, ते अजून तुमच्यापेक्षा टिकंल. पण वरून सुतीच द्या. त्या गुळगुळीत साड्यांत दोरा धरत नाही, पदर सरकतात." माझ्याकडे सुती साड्या दोनच, त्याही अजून नेसते. आईच्या सगळ्या नायलॉनच्या, आणि तिच्या आधीच्या सुती बोहारणीकडे गेल्या, दोन स्टीलच्या डब्यांवर. डबे आहेत अजून.

तर कुणाकडे सुती जुनेर पडून असेल, लुगडं, पातळ, धोतर, काहीही, तर बोहारणीला देण्याआधी मला कळवा. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, कुठूनही येऊन घेऊन जाईन. मावशींनी या वेळी पंधराशे सांगितलेत. मी हो म्हटलंय.