वर्षभरात इंग्रजी येतं म्हणे!

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर शाळा उघडायच्या सुमारास एक मेसेज हमखास फिरतो: लहान मुलं टीपकागदासारखी भाषा शोषतात. वर्षभरानंतरही मूल ईएसएलमध्ये (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या खास वर्गात) असेल तर शिक्षक त्याला अडकवून ठेवतायत, नाहीतर मूलच कच्चं आहे. तेव्हा घरी इंग्रजीच बोला. मी न्यू जर्सीत ईएसएल शिकवते, त्यामुळे दरवर्षी तो माझ्याकडे चार-पाच जणांकडून येतो.

‘वर्षभरात’ ही समजूत कायद्यातही शिरली होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये प्रस्ताव २२७ मंजूर केला: इंग्रजी न येणाऱ्या मुलांना साधारण एक वर्ष खास वर्ग, मग सरळ मुख्य वर्गात. २०१६ मध्ये मतदारांनीच त्यातला बराचसा भाग रद्द केला. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स कधीपासून सांगत होते की गप्पांची भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकी भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. अमेरिकेतले संशोधक केंजी हाकुटा आणि सहकाऱ्यांनी २००० साली काढलेला हिशेबही जवळपास तोच: बोलण्याला तीन ते पाच वर्षं, अभ्यासाच्या भाषेला चार ते सात. इतकी का? कारण सोबतची मुलं काही थांबून राहत नाहीत, त्यांचंही इंग्रजी दरवर्षी पुढे जातच असतं.

माझ्याकडे नाशिकहून आलेला एक मुलगा होता. दीड वर्षात बास्केटबॉलवर तासभर बोलेल असा. गणितात ‘व्हॉल्यूम काढा’ असा प्रश्न आला आणि अडला. व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज एवढंच त्याला ठाऊक. ‘अरे, घनफळ!’ म्हटल्यावर पाच मिनिटांत उत्तर हजर. त्याआधी त्याच्या वर्गशिक्षिकेने शेरा मारला होता: लक्ष देत नाही. अस्खलित बोलण्याने आम्ही शिक्षक असे फसतो, हे कबूल करायला हवं.

शिक्षक अडकवून ठेवतात, या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. फक्त तो चुकीच्या जागी बसलाय. ईएसएलमध्ये चार वर्षं जाणं हा अन्याय नव्हे. त्या चार वर्षांत ‘बिचाऱ्याला झेपणार नाही’ म्हणून सोप्या वर्कशीट देत राहणं हा अन्याय. रोझेनथाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांचा १९६८ चा प्रयोग इथे हटकून सांगितला जातो: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली मुलं ‘चमकणार’ असं शिक्षकांना सांगितलं, आणि पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण खरंच जास्त वाढले. वरच्या वर्गांत तसं फारसं दिसलं नाही, पद्धतीवरही बरीच टीका झाली, म्हणून मी त्याचा डंका पिटत नाही. पण घनफळ येणाऱ्या मुलाला चित्रं रंगवायला दिली तर तो काय शिकणार, यासाठी प्रयोग कशाला हवा? उलट काहीच मदत न देता मुख्य वर्गात बसवणंही चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सांगितलं की, भाषाच कळत नसलेल्या मुलांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही.

राहिलं घरी इंग्रजी बोलण्याचं. त्या मुलाला घनफळ मराठीतून येत होतं म्हणूनच पाच मिनिटांत सुटलं. आणि शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ या रकान्यात ईएसएल टाळण्यासाठी ‘इंग्रजी’ लिहिणाऱ्या आईबाबांनो, त्यावरूनच तुमच्या मुलाची भाषाचाचणी घ्यायची की नाही हे शाळा ठरवते. मराठी लिहा.