‘हौस’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

माझ्या सासरच्या आयरिश घराण्याचा, म्हणजे जेम्स स्मिथ ऊर्फ मॅकगावन आणि ब्रिजिड ब्रेडी यांच्या कुळाचा, माग काढणाऱ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर लिहायला बसले नाही, हे दोघांच्याही दृष्टीने बरे झाले.

आपला आक्षेप इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. ‘दहा वर्षांत कोणी सोळा वर्षांनी म्हातारा होत नाही आणि बघता बघता मॅकगावनचा स्मिथ होत नाही. कॅव्हन परगण्यात जेम्स स्मिथ पैशाला पासरी आणि ब्रेडी आडनावाच्या बायकाही तितक्याच. त्यांतले तुमचे कोणते? ग्रिफिथची यादी म्हणजे शिरगणती नव्हे. 1922ची आग हा सोयीचा बहाणा आहे. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारे निदान शिस्त पाळतात. ही परदेशी नांदणाऱ्या सुनेची हौस दिसते.’

ग्रिफिथबाबत आपले बरोबर आहे. आयर्लंडमध्ये 1847 ते 1864 या काळात ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले ते काम करआकारणीसाठी केलेले जमीन-घरांचे मूल्यांकन होते. त्यात जमीन वा घर कोणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणाकडून घेतले आहे एवढेच कळते; बायकामुले आणि वये त्यात नसतात. मी ओघात ‘शिरगणती’ असे लिहून गेले. तो शब्द आता बदलला आहे.

मात्र ‘हौस’ हा शब्द आपण ज्या सुरात वापरला आहे, तो मला मान्य नाही. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशच्या (एकेका चर्चच्या हद्दीच्या) बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवह्या 2015 साली सर्वांसाठी इंटरनेटवर खुल्या केल्या. त्याआधीची चार वर्षे मी किल्डेअर स्ट्रीटवरच्या त्याच ग्रंथालयात शनिवार-शनिवार मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे घालवली आहेत, त्यातले काही महिने थोरल्या मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना. पाद्र्यांचे ते किरटे लॅटिन अक्षर, ओल लागून पुसलेल्या ओळी, जेम्सचा ‘जाकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ झालेला, हे सगळे डोळे चोळत वाचलेल्या बाईला हौशी म्हणणे सोपे आहे. आपण यातली एक तरी नोंदवही उघडून पाहिली आहे काय?

आता सोळा वर्षांची गोष्ट. 1901च्या जनगणनेत आमच्या जेम्स स्मिथचे वय 56 आहे आणि 1911च्या जनगणनेत 72. ही चूक मला दिसली नाही असे आपण गृहीत धरता. प्रत्यक्षात मी ती लेखात जाणूनबुजून पुढे ठेवली होती, कारण आयर्लंडच्या नोंदी वाचणाऱ्याला ती ओळखीची असते. 1908च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसांना 1 जानेवारी 1909पासून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद मात्र आयर्लंडमध्ये 1864पासूनच सुरू झाली. म्हणजे पेन्शन मागणाऱ्या एकाही म्हाताऱ्याकडे जन्माचा सरकारी दाखला असणे शक्य नव्हते. ज्यांना आपले वय नेमके ठाऊकच नव्हते त्यांनी ते अंदाजाने सांगितले आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतल्या काहींनी ते सोयीने वाढवले. 1901 आणि 1911च्या कागदांत दहाऐवजी पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे गावोगाव भेटतात, ती यामुळे. वयाच्या पुराव्यासाठी तेव्हा 1841 आणि 1851च्या जनगणनेची पाने डब्लिनमध्ये चाळली जात आणि त्या शोधाचे अर्ज आजही उपलब्ध आहेत. मूळ पाने 1922च्या आगीत जळाली, पण त्यांतल्या काही ओळी या अर्जांवर उतरल्यामुळे वाचल्या. आमच्या जेम्सचा अर्ज मला मिळालेला नाही, हे मी लेखातच लिहिले होते. ते वाक्य वगळून आपण पुढे गेलात.

मॅकगावनचा स्मिथ होत नाही, असे आपण म्हणता. मूळ आयरिश आडनाव मॅक गावन. ‘गावा’ म्हणजे लोहार आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. इंग्रजी वळणाने तेच उच्चारले की मॅकगावन होते आणि अर्थ घेतला की स्मिथ. कॅव्हनमधले बहुतेक स्मिथ इंग्लंडहून आलेले नाहीत, ते तिथलेच लोहार आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदणी खात्यातले रॉबर्ट मॅथेसन यांनी 1890 साली आडनावांच्या अशा पर्यायी रूपांचे पुस्तकच काढले, कारण एकच माणूस एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे आडनाव लावतो, याने खुद्द नोंदणी कारकून हैराण झाले होते. माझ्या सासूबाईंची आजी पोस्टात स्मिथ म्हणून सही करी आणि शेजारणी तिला मॅकगावन म्हणूनच हाक मारीत; हे मी सासूबाईंच्या तोंडून, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून ऐकले आहे. आमच्या नोंदींत थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा मॅकगावन नावाने आहे, धाकट्या दोघींचा स्मिथ नावाने; टाऊनलँड (तिथला जमिनीचा सर्वांत लहान विभाग) तेच, आणि आईचे नाव तिन्ही ठिकाणी ब्रिजिड ब्रेडी. कॅथलिक नोंदवहीत आईचे माहेरचे आडनाव लिहीत असत, हे त्या पाद्र्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

आगीबद्दल दोनच वाक्ये. 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातले सरकारी अभिलेखागार यादवी युद्धात जळाले, त्याला बहाणा म्हणणाऱ्याने निदान हे माहीत करून घ्यावे की 1861 आणि 1871च्या जनगणनेचे कागद त्या आगीच्या कितीतरी आधी सरकारनेच नष्ट केले होते आणि 1881 व 1891चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. बहाणाच शोधायचा असता, तर हे सगळे मी आगीवर ढकलून मोकळी झाले असते.

कुलवृत्तांतांच्या शिस्तीविषयी मला आदर आहे. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात पृष्ठ 212वर माझ्या आत्याचे नाव चुकलेले असले तरीही.

उरला प्रश्न त्याच भागातल्या दुसऱ्या जेम्स स्मिथचा आणि दुसऱ्या ब्रिजिड ब्रेडीचा. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावे मी जुळवते आहे आणि ती पुढच्या भागात येतील. तोवर या मुद्द्यावर वाद घालण्यात मला स्वारस्य नाही, विशेषतः जो वाचक स्वतःचे नावही लिहीत नाही त्याच्याशी.